कुंडलिकेत उलटलो तेव्हा

यंदाच्या मे महिन्यात मी एका नदीत चार वेळा उलटलो. मुद्दाम. वर त्याचे पैसे दिले.

गावाकडे विहिरींनी तळ गाठलेला, दुधनेच्या पात्रात वाळू नि बाभळी, आणि वालूरचा एक पत्रकार वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कोकणात कोलाडला जाऊन कयाक चालवायला शिकतोय. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "पाण्यात बुडायला एवढ्या लांब कशाला जायलास बाबा?" सगळे हसले, मीही हसलो. पण परत आल्यापासून एक प्रश्न काही डोक्यातून जात नाही. भर मे महिन्यात त्या नदीला एवढं पाणी आलं कुठून?

त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे आणि आपल्या भागाशी त्याचा संबंध आहे. म्हणून ही पोस्ट जरा लांबणार. वेळ काढून वाचा.

तर झालं असं. भाचा पुण्याला नोकरीला आहे. त्याने दोन दिवसांच्या शिकवणीत स्वतःचं नि माझं नाव परस्पर देऊन टाकलं आणि फोन केला, "मामा, नदीचं नाव कुंडलिका आहे, तुमच्या ओळखीची." कुंडलिका म्हणजे माझ्या डोक्यात जालन्याची. जालना शहरातून वाहते, पुढे आपल्या दुधनेला मिळते. ही मात्र दुसरी. रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याने निघून रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळणारी. नाव एकच, नशीब वेगळं. आपली कुंडलिका मे महिन्यात नाल्यासारखी, आणि ती दोन्ही काठ धरून खळाळत होती.

आधी कयाकबद्दल सांगतो, कारण मलाही आधी काही माहीत नव्हतं. कयाक म्हणजे माणूस आत रुतून बसतो अशी अरुंद, हलकी होडी. मूळ उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेलं, त्यात बसून बर्फाळ समुद्रात शिकार करायची. आता ती प्लॅस्टिकची असते. तुम्ही आत पाय लांब करून बसता, गुडघे आतल्या बाजूला टेकवता आणि कमरेभोवती एक रबरी झालर बांधून होडीचं तोंड बंद करता. त्यामुळे पाणी आत शिरत नाही. पण होडी उलटली की तुम्हीही तिच्याबरोबर उलटे. डोकं पाण्याखाली, पाय होडीत.

म्हणून पहिला धडा वल्हं मारायचा नसतोच. पहिला धडा उलटायचा. शिकवणारा पोरगा तिथल्याच गावचा, पंचविशीतला. शांत पाण्यात घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, उलटलं की घाबरायचं नाही. पुढे वाका, होडीवर तीन वेळा थापटा, मग झालरीचा पट्टा ओढा, आणि पँट काढतो तशी होडी पायातून काढा." ऐकायला सोपं. पहिल्यांदा उलटलो तेव्हा थापटणं राहिलं बाजूला, पट्टा कुठं तेच सापडेना. नाकात पाणी गेलं. दुसऱ्यांदा सापडला. तिसऱ्यांदा थापटलंही. चौथ्यांदा वर आलो तर पोरगा हसत होता, "आता जमलं. आता नदीत जाऊ."

मी वालूरचा. आमच्याकडं पोहायला शिकायचं म्हणजे विहीर. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधायचा आणि चुलत्याने काठावरून ढकलून द्यायचं. आमची गावातली चक्राकार पायऱ्यांची बारव आता सगळ्यांना माहीत झाली, लोक लांबून बघायला येतात. गाळाने नि कचऱ्याने ती भरली होती, गावानेच अंग मोडून साफ केली. पण विहीर काय नि बारव काय, ते थांबलेलं पाणी. ते तुम्हाला कुठं ओढून नेत नाही. वाहतं पाणी आमच्या पिढीने पाहिलं ते फक्त पुरात, तेही काठावरून. त्यामुळे पोहता येत असूनही नदीकाठी उभा राहिलो तेव्हा पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू.

पण नदी समोर नव्हतीच. म्हणजे पात्र होतं, गोटे होते, मधून पाण्याची बारीक धार होती. आम्ही तयार होऊन काठावर बसलेलो. मी विचारलं, "आता कशाची वाट बघायची?"

पोरगा म्हणाला, "पाणी सुटायची. वरून भिऱ्याहून सोडलं की येतं. आज सोडणार आहेत."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय! "कॅनॉलला पाणी सुटलं का?" जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा, निम्न दुधनेच्या कालव्यावरचा प्रत्येक शेतकरी वर्षातले कितीतरी दिवस हेच विचारत असतो. आवर्तन कधी, पाळी कधी, शेवटच्या चारीला पोचणार का. इथं फक्त पिकाऐवजी होड्या पाण्याची वाट बघत होत्या.

थोड्या वेळाने खरंच आलं. आधी आवाज, मग गोटे एकेक करून दिसेनासे झाले आणि पात्र भरलं. सकाळचे काही तास ते राहतं, मग पुन्हा उतरतं. कोलाडचा सगळा राफ्टिंगचा धंदा, साजे गावापासून खाली दहा-बारा किलोमीटरचा तो खळाळता टप्पा, तिथल्या खळाळांना दिलेली 'मॉर्निंग हेडेक'सारखी इंग्रजी नावं, हॉटेलं, तंबू, शेकडो पोरांचा रोजगार, सगळं त्या सुटणाऱ्या पाण्यावर. पाणी सुटलं नाही त्या दिवशी राफ्ट काठावरच.

आता हे भिऱ्याचं पाणी कुठलं ते सांगतो. भिरा सह्याद्रीच्या खाली, कोकणात. पण पाणी कोकणातलं नाही. ते घाटावरचं, पुणे जिल्ह्यातल्या मुळशीचं. मुळा नदीवर धरण बांधलं, पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली सोडलं, त्या जोरावर जनित्रं फिरवली आणि वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत सोडून दिलं. टाटांचं हे वीजघर १९२७ साली सुरू झालं. त्याआधी १९१५ मध्ये खोपोली आणि १९२२ मध्ये भिवपुरी झालेलं होतं. वीज जायची मुंबईला, तिथल्या गिरण्यांना नि गाड्यांना.

नकाशा डोळ्यासमोर आणा. मुळा ही पूर्वेकडं वाहणारी नदी. तिला मोकळं सोडलं असतं तर ती पुण्यात मुठेला मिळाली असती, पुढे भीमेत, तिथून उजनीत, आणि पंढरपूरला चंद्रभागा होऊन पांडुरंगाच्या पायाशी. ते पाणी शंभर वर्षांपासून उलट्या दिशेला वळवलंय. ज्या पाण्यात मी पर्यटक होऊन खेळलो, ते मुळात दुष्काळी भागाकडं निघालेलं पाणी होतं.

आणि ते सुखासुखी वळलेलं नाही. मुळशी खोऱ्यातली पन्नासएक गावं आणि अकरा हजारांच्या आसपास माणसं या धरणाच्या वाटेत होती. मावळे शेतकरी, आंबेमोहोर भात पिकवणारे. सुरुवातीला तर त्यांना न विचारताच त्यांच्या शेतांत खड्डे घेतले गेले. सरकार इंग्रजांचं, कायदा १८९४ चा भूसंपादनाचा. एका खासगी कंपनीसाठी सरकारने जमिनी घ्यायच्या, असा मामला. मग १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या लोकांनी सत्याग्रह सुरू केला. ते कामाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलं. कंपनीने काही महिने थांबायचं कबूल केलं आणि मग पुन्हा सुरू केलं. पुन्हा सत्याग्रह, अटका, तुरुंग. बायाही तुरुंगात गेल्या. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'.

विनायकराव भुस्कुटे हे या लढ्यातले मोठे नाव. आणि दुसरे पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे. त्यांना 'सेनापती' म्हणायला लागले ते याच लढ्यात. सेनापती बापट म्हणजे आपल्याला पुण्या-मुंबईतला रस्ता माहीत, माणूस माहीत नाही. सत्याग्रह ढिला पडला तरी बापट हटले नाहीत. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवला तो याच माणसाने.

धरणाविरुद्ध लोकांनी संघटितपणे लढलेला हा जगातला पहिला लढा, असं राजेंद्र व्होरांनी आपल्या अभ्यासातून मांडलंय. म्हणजे नर्मदेच्या साठ वर्षं आधी. आणि तो का हरला, तेही व्होरांनी नीट दाखवलंय. फक्त कंपनी नि सरकार मोठं होतं म्हणून नाही. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसणाऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला. मोबदल्याचा आकडा वाढायला लागला तशी पुढाऱ्यांत फूट पडली. ज्याचं घर बुडणार होतं त्याचं म्हणणं बैठकीत मागं पडलं. धरण झालं. गावं पाण्याखाली गेली. आणि आज शंभर वर्षांनीही त्या तलावाच्या काठच्या वाड्यांचे जागेचे नि घरांचे प्रश्न अधूनमधून बातम्यांत येतातच.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर ही पत्रकारिता नाही. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, आणि त्या गिरण्यांत कोकणातली नि घाटावरची लाखो माणसं पोट भरत होती. कोळशाचा धूर कमी झाला. कुंडलिकेकाठच्या शेतीला उन्हाळ्यात पाणी मिळालं. ज्या पोराने मला उलटं होऊन परत वर यायला शिकवलं, त्याच्या घरची चूलही त्याच पाण्यावर पेटते. फायदा झाला नाही असं कुणी म्हणू नये. प्रश्न एवढाच की फायदा ज्यांना झाला ते वेगळे नि ज्यांनी दिलं ते वेगळे. आणि देणाऱ्यांना विचारलं कुणी होतं?

एक योगायोग सांगतो. कयाक उलटली की बाहेर न पडता, वल्ह्याच्या नि कमरेच्या झटक्याने पुन्हा सुलटं व्हायची एक विद्या आहे. इनुइट शिकाऱ्यांना ती यावीच लागे, कारण त्या गार पाण्यात होडीबाहेर पडला तो मेलाच. युरोपात ही विद्या जमवणारा पहिला माणूस म्हणून ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटाचं नाव घेतात. प्रवाशांनी लिहिलेली वर्णनं वाचून वाचून त्याने ती साधली. साल? १९२७. ज्या वर्षी भिऱ्याची जनित्रं फिरायला लागली तेच.

पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये खळाळत्या पाण्यातल्या या होड्यांची शर्यत पहिल्यांदा झाली, ती ऑग्सबर्ग गावात, माणसाने बांधलेल्या पाटात. म्हणजे ऑलिंपिकलाही पाणी दार उघडूनच सोडलेलं होतं. आज जगात किती तरी ठिकाणी हा खेळ धरणाच्या वेळापत्रकावर चालतो. आपण त्याला निसर्गात जाणं म्हणतो, पण जातो आपण कुणाच्या तरी दरवाजाच्या खाली.

आता आपल्याकडं या. प्रत्येक निवडणुकीत आपण काय ऐकतो? "कोकणात समुद्राला वाहून जाणारं पाणी मराठवाड्यात आणणार." दमणगंगा-वैतरणा-गोदावरी ही नावं आता गावच्या पारावरसुद्धा पाठ झालीत. मी त्या मागणीच्या विरोधात नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते मी विसरलेलो नाही. परभणी जिल्ह्याला पाणी हवंय, हक्काने हवंय. पण कुंडलिकेत बसून आलेला माणूस म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट साधी, चढ-उताराची. मुळशीचं पाणी घाटावरून खाली पडतं, म्हणून त्यातून वीज निघते, पैसा निघतो. शंभर वर्षं ते टिकलं त्याचं कारण हेच. कोकणातलं पाणी आपल्याकडं आणायचं म्हणजे ते घाट चढवायचं, पंप लावून, वीज जाळून. खाली जाणारं पाणी कमावतं, वर येणारं पाणी खर्च करायला लावतं. मग ते बिल कोण भरणार, किती वर्षं भरणार, आणि कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला ते परवडेल का, हे भाषणात कुणी सांगत नाही. आपण विचारतही नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. पाणी वळवायचं तर कुठंतरी धरण होणार, कुठंतरी गावं उठणार. आपल्याला हे नवं नाही. येलदरीत गावं गेली, जायकवाडीत गेली, निम्न दुधनेत तर माझ्या डोळ्यांसमोर लोकांनी घराची दारं-चौकटी काढून ट्रॅक्टरमध्ये भरली. त्यातल्या एका म्हातारबाबाशी तेव्हा बोललो होतो. म्हणाले, "आमी कायी नको म्हणत नाही. पर आमचं ऐकून तर घ्या." तेव्हा मी तरुण बातमीदार होतो. मोबदल्याचा आकडा छापला, हे वाक्य नाही छापलं. मुळशीचं वाचताना ते आठवलं आणि खरं सांगतो, लाज वाटली. १९२१ ची चूक मी माझ्या तीन कॉलमात पुन्हा केली होती. आकड्याची बातमी केली आणि माणूस सोडला.

उद्या आपल्यासाठी कोकणातलं किंवा नाशिककडचं एखादं गाव बुडणार असेल, तर त्या गावाचं म्हणणं आधी ऐकून घ्या, असं म्हणणारा आवाज मराठवाड्यातून निघाला पाहिजे. कारण आपण दोन्ही बाजूंना राहिलोय. पाणी मागणारेही आपणच आणि गाव सोडणारेही आपणच.

शेवटी पुन्हा नदीत जातो, कारण तिथं शिकलेलं एक तुमच्या थेट कामाचं आहे.

दुसऱ्या दिवशी खऱ्या खळाळात उतरलो. मी दगड टाळायच्या नादात जोरजोरात वल्हं मारत होतो आणि प्रवाह मला त्याच दगडावर नेऊन आदळत होता. पोरगा ओरडला, "काका, जोर नको! आधी पाणी बघा कुठं चाललंय!" मोठ्या दगडाच्या मागं पाणी शांत असतं, उलट वर येत असतं. तिथं होडी वळवून घुसवली की थांबता येतं, श्वास घेता येतं, पुढचा खळाळ बघून घेता येतो. आणि दगडावर आपटणारच असाल तर त्याच्यापासून लांब झुकायचं नाही, त्याच्याकडं झुकायचं. लांब झुकलात की पाणी होडीवर चढतं आणि उलटवतं. भीतीने माणूस नेमकं उलट करतो. मी केलं आणि पाचव्यांदा उलटलो. हे मात्र मुद्दाम नव्हतं.

वाहून चाललो तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलेलं आठवलं. पाठीवर पडायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढं, पायाचे अंगठे पाण्याबाहेर. काहीही झालं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायला जायचं नाही. दगडात पाय अडकला की पाणी माणसाला पालथं पाडतं आणि गुडघाभर पाण्यातसुद्धा माणूस जातो. मला लाइफ जॅकेट होतं, डोक्याला हेल्मेट होतं, दोरी फेकणारा माणूस काठावर होता. मी वाचलो म्हणण्यासारखंही काही घडलं नाही, शे-दीडशे फुटांवर बाहेर आलो.

पण काठावर बसून धापा टाकताना मला आपल्याकडच्या बातम्या आठवल्या. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्याने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. दरवर्षी पावसाळ्यात मी एकच बातमी पुन्हा पुन्हा लिहितो, फक्त गाव नि नाव बदलतं. ओढ्याला पूर, फरशी पुलावरून पाणी, "गुडघाभर तर आहे" म्हणून मोटारसायकल घातली, वाहून गेला. आपल्या पोरांना पाणी साठवायचं शिकवलंय, वाचवायचं शिकवलंय, वाहतं पाणी वाचायचं कुणी शिकवलं नाही. ज्या भागाला वर्षातले आठ महिने पाणी नाही आणि उरलेल्यात अचानक पूर, त्या भागाला तर हे आधी यायला पाहिजे. शाळेच्या मैदानावर एका दिवसात सांगता येईल इतकं ते थोडं आहे.

आईला परत येऊन सगळं सांगितलं. कुंडलिका, भिरा, मुळशी, बापट. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "म्हंजे ते पाणी कुणाचं तरी होतं म्हण की."

हो. कुणाचं तरी होतं. पुढच्या वेळी कुणी स्टेजवरून आपल्याला पाणी आणून देतो म्हणाला, की टाळ्या वाजवायच्या आधी हे दोन प्रश्न विचारा. कुणाचं आहे, आणि त्यांना विचारलंय का?

तुमच्यापैकी ज्यांचं गाव येलदरीत, जायकवाडीत किंवा निम्न दुधनेत गेलं असेल, त्यांनी खाली लिहा. गावाचं नाव, उठला ते साल, आणि तेव्हा जे बोलायचं राहून गेलं ते. या वेळी मी ते वाक्य छापणार आहे.